पोहऱ्यातून आडात

पटकीची साथ आली की पूर्वी गावोगाव मरीआईचा गाडा निघायचा. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवी, हळदकुंकू, कडुनिंबाचा पाला, नारळ. वाजतगाजत तो शिवेपलीकडे नेऊन सोडला की देवीचा कोप गावाबाहेर गेला, अशी समजूत होती. पलीकडचं गाव तोच गाडा पुढच्या शिवेवर पोचता करायचं. रोगाला चालायला वाट लागते, हे त्या माणसांनी बरोबर ओळखलं होतं. वाट तेवढी चुकली. गाडा शीव ओलांडत असे तेव्हा पटकीचे जंतू मागे गावातच असत, पाणवठ्यावरच्या पोहऱ्याबरोबर वरखाली करत.

‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ असं आपण म्हणतो. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत ही म्हण उलटी वाचावी लागते. घाण आधी पोहऱ्याच्या बुडाला, दोराला, कठड्याच्या पायथ्याशी असते आणि तिथून आडात उतरते. पटकी, विषमज्वर, कावीळ, हगवण आणि हल्ली सरसकट ‘गॅस्ट्रो’ म्हणतात ती जुलाब-उलट्यांची साथ, या सगळ्यांचं बी मुख्यतः माणसाच्या विष्ठेत असतं. जमिनीच्या पोटात ते आपोआप उगवत नाही. कुठून तरी ते विहिरीपर्यंत पोचलेलं असतं. ती वाट सापडली की ती बुजवणं पुष्कळदा एखाद्या गवंड्याच्या आवाक्यातलं काम असतं. अवघड असतं ते वाट पाहायला शिकणं.

उथळ कशाला म्हणायचं?

उथळ विहीर म्हटलं की पंधरा-वीस फुटांचा आड डोळ्यांपुढे येतो. पण इथे फूटपट्टीचा संबंध थोडा आहे. जमिनीत खाली जाताना जो पहिला पाणी न झिरपणारा थर लागतो, त्याच्या वरचं पाणी जी विहीर घेते ती उथळ, आणि तो थर भेदून खालचं पाणी घेते ती खोल. त्यामुळे पन्नास फुटांची विहीरही उथळ असू शकते. उथळ विहिरीच्या पाण्यावर छप्पर नाही, एवढाच याचा अर्थ. वर जमिनीवर जे सांडेल ते खाली उतरायला मोकळं.

तरीही शेकडो वर्षं माणसं असं पाणी पीत आली, याचं श्रेय मातीला आहे. मुरणारं पाणी मातीच्या कणांमधून वाट काढतं तेव्हा मोठी घाण वरच अडकते, पुष्कळ जंतू कणांना चिकटतात, आणि उरलेले वाटेतच मरतात. माणसाच्या आतड्यातल्या जंतूंना जमिनीतली उपासमार फार दिवस सोसत नाही. जर्मनीत पिण्याच्या पाण्याच्या विहिरींभोवती संरक्षित पट्टा आखतात तो याच हिशेबावर: जिथून निघालेलं पाणी जमिनीतून विहिरीत यायला ५० दिवस लागतात, तिथवर ही हद्द जाते. ते अंतर मीटरमध्ये आधीपासून ठरलेलं नाही. बारीक वाळूत ते थोडं भरेल, भेगाळ खडकात पुष्कळ.

आता आपल्या पायाखालचा खडक आठवा. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसॉल्टवर उभा आहे. विहीर खणणाऱ्याला तो टप्प्याटप्प्याने भेटतो: वर माती, तिच्याखाली मुरूम, मग कुठे मांजऱ्या खडक, कुठे काळा पाषाण. पाषाण स्वतः पाणी धरत नाही. पाणी असतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. मातीचा थर जाड असेल तर गाळणी चांगली. माळावर जिथे वीतभर मातीखाली लगेच भेगाळ खडक लागतो, तिथे पाणी गाळलं जायच्या आधीच भेगेत शिरतं, आणि भेगेतलं पाणी झिरपत नाही, ते वाहतं.

कोकण-गोव्यात जांभा. या दगडाला नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढी भोकं आणि नळ्या असतात. त्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. वैशाखात तळाला गेलेलं परसातल्या विहिरीचं पाणी श्रावणात हात लांबवला तर लागेल एवढं वर येतं. ते फक्त विहिरीत चढत नाही, आजूबाजूच्या सगळ्या जमिनीत चढतं. उन्हाळ्यात कोरड्या जमिनीत असलेला संडासाचा शोषखड्डा अशा वेळी पाण्यात बुडतो. मधली माती जे काम एरवी करत होती, ते पावसाचे महिने बंद पडतं. जी विहीर एप्रिलमध्ये तपासून शुद्ध ठरली, तीच जुलैत घरादाराला आजारी पाडू शकते ती यामुळे.

आणि सगळ्यात मोठं भोक आपणच पाडलेलं असतं. गाळणीला आरपार छेद देणारा दहा-पंधरा फूट रुंदीचा खड्डा म्हणजे विहीर. मातीने कितीही निगुतीने पाणी गाळलं तरी कठड्याशी सांडलेला तांब्याभर मळका द्रव ती सगळी वाट टाळून थेट खाली पोचतो. म्हणून विहिरीची राखण ही मुख्यतः तिच्या वरच्या काही फुटांची राखण असते.

तीन फुटांच्या आत

या विषयातली सगळ्यात प्रसिद्ध विहीर लंडनमधली आहे. ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीचा उद्रेक झाला आणि त्यात सहाशेहून अधिक माणसं दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरं शोधत शोधत बोट ठेवलं ते रस्त्यावरच्या हातपंपावर. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. गोष्ट इथे संपवण्याची पद्धत आहे. आपल्याला उपयोगी भाग मात्र याच्या पुढे सुरू होतो.

तो पंप एका उथळ विहिरीवर बसवलेला होता. पाणी दिसायला स्वच्छ आणि चवीला चांगलं; इतकं, की दूर हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा ते मुद्दाम मागवून घ्यायची. तीही पटकीने गेली. विहीर उघडून आतून पाहिली तेव्हा विटांच्या बांधकामात भोक नाही की फट नाही. मग घाण आली कुठून?

धागा सापडला तो हेन्री व्हाइटहेड या तिथल्या तरुण धर्मोपदेशकाला. सुरुवातीला स्नोंचं म्हणणं त्याला पटलं नव्हतं. घरोघर चौकशी करताना त्याला कळलं की पंपाच्या अगदी समोरच्या ४० नंबरच्या घरात साथीच्या आधी एक पाच महिन्यांची मुलगी जुलाबाने आजारी होती, आणि तिच्या दुपट्यांचं पाणी आई घराखालच्या मैल्याच्या टाकीत ओतत होती. एप्रिल १८५५ मध्ये जमीन बाहेरून खणली गेली. टाकीच्या विटा इतक्या खिळखिळ्या झाल्या होत्या की नुसत्या हाताने उचलता येत होत्या. टाकी आणि विहीर यांच्यातलं अंतर होतं २ फूट ८ इंच, आणि मधली माती मैल्याने भिजून दलदलीसारखी झाली होती.

या खोदकामातून निघालेल्या तीन गोष्टी आजही तशाच लागू आहेत. पाणी दिसायला नितळ आणि चवीला गोड असणं हा शुद्धतेचा पुरावा होत नाही. आतून विहीर धड दिसली म्हणजे बाहेरची जमीनही धड असेल असं नाही. आणि शेजारच्या घरातल्या एका आजारी तान्ह्या मुलीचं दुपटं सगळ्या वस्तीचा घास घेऊ शकतं, जर दोन खड्ड्यांमध्ये तीन फूटही माती नसेल.

पायऱ्या बुजल्या, नारू गेला

याहून जवळचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे आणि ते यशाचं आहे. साठी ओलांडलेल्या वाचकांना ‘नारू’ हा शब्द नुसता ऐकून अंगावर काटा येईल. पायावर फोड यायचा, आग आग व्हायची, फोड फुटला की त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा तो बाहेर ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणात. हा दोरा दीड-दोन हात लांब असे.

नारूचं सगळं चक्र पायऱ्यांच्या विहिरीवर फिरत होतं. आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवायचा. बारवेच्या पायऱ्या उतरून घागर भरताना पाय आपोआपच बुडत. त्या क्षणी जंताची मादी हजारो अळ्या पाण्यात सोडायची. सायक्लॉप्स नावाचा जेमतेम मिलिमीटरभर जीव त्या अळ्या गिळायचा, आणि त्याच पायरीवरून भरलेल्या घागरीतून तो जीव दुसऱ्या कुणाच्या पोटात जायचा. साधारण वर्षभराने तिथे नवा फोड.

या रोगावर लस नव्हती, जंत मारणारं खात्रीचं औषधही नव्हतं. १९८३-८४ मध्ये देशाने नारू निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा हत्यारं होती ती अशी: पायऱ्यांच्या विहिरी बदलून त्यांना कठडा बांधणं, जिथे जमेल तिथे हातपंप देणं, पाण्यात टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारणं आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळून पिणं. महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग होता. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्तीचं प्रमाणपत्र दिलं. माणसाचा पाय आणि पिण्याचं पाणी यांच्यात दगडमातीचा आडोसा उभा केला, आणि हजारो वर्षांचा सोबती असलेला एक जंत देशातून नाहीसा झाला.

हल्ली जुन्या बारवा उपसून स्वच्छ करण्याचा उत्साह महाराष्ट्रात दिसतो, आणि तो चांगलाच आहे. त्या दगडी कामाचा अभिमान जरूर बाळगावा. फक्त पायऱ्यांवरून उतरून भरलेलं ते पाणी तसंच ओठाला लावू नये.

विटाळ नावाची दिशाभूल

पाण्याची राखण आपल्या समाजाला नवी नव्हती. पाणवठ्यावर पहारा होताच, पण तो माणसांवर होता. कुणी पोहरा सोडायचा, कुणी दूर उभं राहून कुणी ओंजळीत पाणी ओतण्याची वाट पाहायची, हे जातीवरून ठरत होतं. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो याला उत्तर म्हणून. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. कसं, तर शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या १०८ घागरी त्यात ओतून.

आरोग्याच्या चष्म्यातून हे दृश्य पाहिलं की सुन्न व्हायला होतं. ओंजळभर पाणी पिणाऱ्या माणसाने तळं बाटलं, आणि शेणाच्या घागरींनी ते शुद्ध झालं! विटाळाच्या कल्पनेने पाणी तर राखलं नाहीच, उलट राखण करणाऱ्यांची नजर चुकीच्या जागी खिळवून ठेवली. शिवाय ज्यांना चांगल्या विहिरीवरून हाकललं ते ओढ्याच्या खालच्या अंगाचं, डबक्यातलं पाणी प्यायले. जंतूंना जात कळत नाही. त्यांना उतार, फट आणि ओल एवढंच कळतं. आपणही विहिरीवर जाताना एवढंच शोधायचं आहे.

विहिरीभोवती एक फेरी

फेरी लांबून सुरू करू. विहिरीपासून पन्नास फूट, म्हणजे १५ मीटर मोजा. या वर्तुळात संडासाचा खड्डा, गोठा, उकिरडा, न्हाणीचं सांडपाणी मुरण्याची जागा यांपैकी काही नको. नवी विहीर घ्यायची असेल तर ती यांच्या वरच्या अंगाला, चढावर घ्यावी. हे १५ मीटर म्हणजे किमान मर्यादा आहे. भेगाळ कातळावर किंवा जांभ्यावर ती ताणता येईल तितकी ताणावी. चार-पाच गुंठ्यांच्या जागेत माझी विहीर, माझा संडास आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याचा शोषखड्डा, असा मांड कोकणात सर्रास दिसतो. अशा ठिकाणी स्वतःच्या आवारात मोजून भागत नाही. पाण्याला कुंपण दिसत नाही.

आता जवळ या. विहिरीचं बांधकाम वरून किमान ६ मीटर, म्हणजे वीस फूट खोलीपर्यंत पाणी न झिरपणारं असावं. याचं कारण साधं आहे. वरून येणाऱ्या मळक्या पाण्याला आत शिरायचं तर त्याने आधी वीस फूट माती उतरून आलं पाहिजे. पक्क्या भिंतीमुळे ती सक्ती होते. जुन्या दगडी विहिरीत दगड ठीक असतात, सांधे मोकळे झालेले असतात. पावसाळ्यात कठड्यावरून आत डोकावून पाहिलं की वरच्या पाच-सात फुटांत ओलसर काळे-हिरवे ओघळ दिसतात. तो झरा नव्हे. झरा खाली असतो. वरचा ओघळ म्हणजे अंगणातलं पाणी. तिथलं शेवाळ आणि उगवलेली पिंपळाची रोपं काढून सिमेंटने दरजा भरून घ्याव्यात. पिंपळ राहिला तर दोन वर्षांत मुळं दगड फोडतात.

कठडा जमिनीपासून निदान अडीच फूट उंच हवा. मूल पडू नये हा त्याचा एक उपयोग. दुसरा म्हणजे वाहतं पाणी, कुत्री, कोंबड्या आणि माणसांचे पाय बाहेर राहतात. कठड्याचा माथा सपाट ठेवला की बायका त्यावर हंडा टेकवतात, मुलं चढून बसतात, आणि चपलांची माती आत पडते. म्हणून तो बाहेरच्या बाजूला उतरता करावा.

कठड्याभोवती चारी बाजूंनी किमान ३ फूट रुंद सिमेंटचा ओटा, त्याला बाहेरच्या बाजूला उतार, आणि कडेने नाली. हे सगळं बहुतेक सार्वजनिक विहिरींवर असतं. पण खाली बसून पाहा. ओटा आणि कठडा जिथे मिळतात तिथे बारीक चीर पडलेली असते, कारण ओट्याखालची भर कालांतराने खचते. धुण्याचं, भांड्यांचं, आंघोळीचं पाणी त्या चिरेतून गुपचूप आत जातं. ओट्याला आतल्या बाजूला उतार आलेला असेल तर त्यापेक्षा ओटा नसलेला बरा. तेव्हा निदान माती थोडं गाळते. नालीचंही तेच. ती पाच फुटांवर संपून तिथे डबकं झालं असेल, आणि त्यात म्हशी बसत असतील, तर आपण घाण फक्त पाच फूट लांब नेली. नाली पुढे परसबागेपर्यंत किंवा लांबच्या शोषखड्ड्यापर्यंत गेली पाहिजे.

वर झाकण हवं. झाडाखालच्या विहिरीत पाला कुजतो, पक्षी विष्ठा टाकतात, उंदीर-बेडूक पडतात. झाकण बसवून त्यावर हातपंप किंवा मोटर लावली की पोहऱ्याचा प्रश्नच मिटतो. सोलापूर पंपावरून पुढे विकसित झालेला इंडिया मार्क टू हातपंप देशभर पसरला तो मुख्यतः विंधनविहिरींवर, पण त्यामागचं तत्त्व इथेही तेच: पाणी वर यावं, वरचं काही खाली जाऊ नये.

पोहरा ठेवायचाच असेल तर एकच पोहरा, विहिरीचा म्हणून ठरलेला, रहाटाला कायम टांगलेला. घरोघरची भांडी आत सोडायची नाहीत. दोराकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. पाणी ओढताना ओला दोर पायांशी, चिखलात, शेणामुताच्या शिंतोड्यांत पडत जातो, आणि पुढच्या खेपेला तोच दोर निम्माअधिक विहिरीत उतरतो. दोर गुंडाळायला रहाटाचा लाकडी रूळ असला की ही अडचण जाते. थोड्याशा सुतारकामाची ही गोष्ट.

बादलीभर टीसीएल

एवढं करूनही विहिरीत जंतू येणारच नाहीत असं नाही. म्हणून क्लोरीन. ग्रामपंचायतीत ब्लीचिंग पावडरला कुणी ब्लीचिंग पावडर म्हणत नाही, ‘टीसीएल’ म्हणतात, आणि ते टाकणारा तो जलसुरक्षक. पूर्वी याच कामी पोटॅशियम परमँगनेट वापरत. पटकीच्या साथीत विहिरी गुलाबी करण्याचा पुरस्कार १८९० च्या दशकात आग्र्याचे जंतुशास्त्रज्ञ हँकिन यांनी केला. ते दिसायला परिणामकारक, पण भरवशाचं नाही. टीसीएल भरवशाचं आहे, मात्र त्याला हिशेब लागतो.

विहीर गोल असेल तर व्यास आणि पाण्याची उंची मीटरमध्ये मोजा. दोराला दगड बांधून सोडला की ओल्या भागावरून उंची कळते. समजा व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर. व्यासाचा वर्ग ९, गुणिले उंची ४, गुणिले ३.१४, भागिले ४: उत्तर सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर. चांगल्या प्रतीची, सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली तर ७० ग्रॅम लागेल. एवढ्या मोठ्या विहिरीला एवढी चिमूट कशी पुरेल, असं वाटून लोक ओंजळी ओततात. मग पाण्याला इतका वास येतो की बायका दुसऱ्या, कदाचित घाण, विहिरीवर जातात. उलटही होतं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की क्लोरीन उडून जातो आणि उरते ती नुसती चुन्याची भुकटी. ती कितीही टाकली तरी उपयोग शून्य.

कोरडी पावडर विहिरीवर भुरभुरवू नये. नाकाला फडकं बांधून ती प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायची आणि पाच-दहा मिनिटं ठेवायची. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यायचं. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही, त्याने पाणी उगाच जड होतं. ही दुसरी बादली दोराने पाण्याखाली सोडायची आणि वरखाली, आडवीतिडवी जोरात हिसकायची, म्हणजे औषध तळापर्यंत मिसळतं. नंतर निदान एक तास पाणी काढायचं नाही. सगळ्यात सोयीची वेळ रात्रीची, दिवसाचा उपसा संपल्यावर.

सकाळी ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट. नळीत थोडं पाणी, त्यात ओटीचे थेंब. पिवळसर रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर पाण्यातल्या घाणीने तो सगळा खाऊन टाकला, मात्रा वाढवा. गढूळ पाण्यात क्लोरीन असाच गाळावर खर्च होतो. म्हणून पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीत नुसतं टीसीएल टाकून भागत नाही. आधी गाळ काढायचा, पाणी बेताबेताने उपसायचं, कारण भिजलेल्या जमिनीत एकदम उपसा केला तर भिंती आत येतात, आणि मग निर्जंतुकीकरण. विहिरीत उतरण्याआधी आतली हवा श्वास घेण्याजोगी आहे याची खात्री हवी, आणि डिझेल इंजिन कधीही आत उतरवू नये. त्याच्या धुराने माणसं गुदमरून मरतात.

रजिस्टरातलं पाणी

कॅनडातल्या वॉकर्टन या गावाला नळाचं पाणी होतं, क्लोरीनचं यंत्र होतं, नोंदवही होती. मे २००० मध्ये तिथे मोठा पाऊस झाला. गावच्या पाच नंबरच्या उथळ विहिरीजवळच्या शेतात खत म्हणून शेण पसरलेलं होतं. त्यातले घातक ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर जंतू भेगाळ खडकातून विहिरीत गेले. सात माणसं मेली, दोन हजार तीनशेहून अधिक आजारी पडली. शेतकऱ्याने काही गैर केलं नव्हतं. चौकशीत निघालं ते असं, की कर्मचारी क्लोरीन मोजण्याऐवजी नोंदवहीत ठरावीक आकडे लिहीत होते. पाणी वहीत शुद्ध होतं.

आपल्याकडे पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांचं सर्वेक्षण होऊन लाल, पिवळी, हिरवी कार्डं दिली जातात. पद्धत चांगली आहे, कारण ती पाण्याबरोबर विहिरीचा परिसरही पाहते. पण हिरवं कार्ड म्हणजे त्या दिवसाचं चित्र. त्याखेरीज गावात कुणालाही करता येईल अशी चाचणी म्हणजे एचटूएस बाटली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी ती विकसित केली आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. बाटलीत रेषेपर्यंत पाणी भरून ठेवायचं. एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर मैल्याचा संशय घ्यायचा आणि नमुना प्रयोगशाळेत धाडायचा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई. कोलाय सापडता कामा नये.

काही घाण मात्र क्लोरीनलाही दाद देत नाही. शेतातला युरिया, उकिरडे आणि शोषखड्डे यांतून येणारं नायट्रेट हे त्यातलं मुख्य. मानक सांगतं ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरची मर्यादा. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून थोडं वाढतंच. अशा पाण्यात दुधाची पावडर कालवून पाजलेल्या तान्ह्या बाळांचं रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही आणि ती निळी पडतात, हे १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाच्या विहिरींवरून कळलं. नायट्रेट आलं की समजायचं, वाट जुनी आणि रुळलेली आहे.

आणि शेवटचा टप्पा घरातला. विहिरीवरून शुद्ध आलेलं पाणी माठात हात बुडवून घेतलं की पोहऱ्याचीच गोष्ट नव्याने सुरू होते. लांब दांड्याचं ओगराळं, किंवा तोटीचा माठ, हा घरातला कठडा.

पहिल्या पावसातली दहा मिनिटं

हे सगळं वाचून विहिरीकडे नेमकं कुठून पाहायला लागावं असा प्रश्न पडला, तर एक बिनखर्चाचा उपाय आहे. मृगाचा पहिला जोराचा पाऊस सुरू झाला की छत्री घेऊन विहिरीवर जा आणि दहा मिनिटं नुसतं उभं राहा. गोठ्याकडून आलेला पिवळसर ओहोळ कुठे वळतो, ओट्यावरचं पाणी बाहेर जातं की कठड्याशी थबकतं, त्याच्यावरचे बुडबुडे कुठल्या चिरेत नाहीसे होतात, हे सगळं त्या दहा मिनिटांत डोळ्यांदेखत घडतं. मग आत डोकावा आणि भिंतीवरचा नवा ओघळ पाहा. जिथे पाणी नाहीसं होत होतं त्या जागी खडूने खूण करा, म्हणजे उघडीप मिळाल्यावर गवंड्याला नेमकं बोट ठेवून दाखवता येईल. पावसात खडू टिकत नसेल तर एक खडा ठेवून या.